नवी शंभर सीसी की जुनी सव्वाशे? गाडी निवडण्यापासून आरसी नावावर होईपर्यंत

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी कंपनीने नाशिकरोडहून सुटणारी बस बंद केली आणि मुसळगाव एमआयडीसीत वेळेवर पोहोचायचं कसं हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. जेलरोडहून जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आसपास. त्यात पुणे हायवेवरचे कंटेनर आणि मोहदरीचा घाट. एसटी आहे, पण पहिल्या शिफ्टच्या वेळेला तिचा भरवसा धरता येत नाही.

"स्कूटी घे ना" हा सल्ला घरच्यांपासून सिक्युरिटी गार्डपर्यंत सगळ्यांनी दिला. मला मोटरसायकलच हवी होती. कारण सरळ आहे: स्कूटरची चाकं दहा-बारा इंची, साध्या मोटरसायकलची सतरा-अठरा इंची. हायवेच्या कडेला डांबराची जी धार तुटलेली असते, तिच्यावरून रोज उतरायचं-चढायचं असेल तर हा फरक कमरेला कळतो. शिवाय मी शिकले तीच बाबांच्या गिअरच्या गाडीवर. माझं लायसन्सही 'गिअरसह' आहे. तुमच्याकडे फक्त 'विना गिअर'चं असेल, तर गाडी बघायच्या आधी लायसन्स बघा. नवीन वर्ग वाढवायला पुन्हा लर्निंग आणि पुन्हा टेस्ट लागते, आणि तोवर गाडी दारात उभी राहते.

हाताशी पन्नास हजार होते. पन्नास हजारांत नवीन गाडी येत नाही आणि जुन्या गाड्यांपैकी निम्म्या घेण्यासारख्या नसतात. हे ऐकून माहीत होतं, ते पुढच्या तीन महिन्यांत तपशीलवार कळलं.

सुरुवात शोरूमपासून केली. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, म्हणजे शोरूमची किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरली होती. पुढे दसरा. त्या आठवड्यात शोरूममध्ये कोणी नीट बोलेल ही अपेक्षाच ठेवू नका. हारतुरे, पेढे, गाडीसमोर फोटो आणि काउंटरवर रांग. मी दसरा जाऊ दिला, आणि दिवाळीच्या आधी मध्येच एक साधा मंगळवार गाठला. सेल्समन निवांत होता. भाऊ सोबत होता म्हणून तो सगळं त्यालाच सांगत होता, "दादा, मायलेज बघा." दादाने दोनदा माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे कोटेशन माझ्या हातात आलं.

ते कोटेशन ओळीओळीने वाचलं. शंभर सीसीच्या साध्या मॉडेलची एक्स-शोरूम किंमत ७५ हजारांच्या घरात. त्यावर दहा टक्क्यांच्या आसपास रोड टॅक्स. विमा सहा हजारांच्या वर, कारण नव्या दुचाकीला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीसाठी त्या पाच वर्षांचा हप्ताच ३,८५१ रुपये, वर जीएसटी आणि एका वर्षाचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. नोंदणी, स्मार्ट कार्ड, नंबरप्लेट यांचे हजाराच्या आत. आणि मग खाली दोन ओळी: 'अ‍ॅक्सेसरीज' आणि 'हँडलिंग'. बेरीज ९३ हजार.

हँडलिंग कशाचं, हे विचारलं. तो हसला आणि पेनने रेघ मारली. या आकाराला कायद्याचा काही आधार नाही, पण विचारल्याशिवाय ती रेघ मारली जात नाही. अ‍ॅक्सेसरीजमधले क्रॅशगार्ड ठेवले, सीटकव्हर वगैरे काढलं. हेल्मेट वेगळं विकायला निघाला होता. नव्या दुचाकीसोबत हेल्मेट देणं मोटार वाहन नियमांतच आहे, एवढं सांगितल्यावर तेही 'कॉम्प्लिमेंटरी' झालं. आकडा ९० हजारांवर आला.

मग फायनान्सवाला आला. पंचवीस हजार डाउन पेमेंट, ६५ हजारांचं कर्ज, "फक्त १० टक्के". हप्ता ३,२५० रुपये, चोवीस महिने. मी तिथेच मोबाइलवर गुणाकार केला: ७८ हजार. म्हणजे ६५ हजारांवर १३ हजार व्याज. हे १० टक्के 'फ्लॅट' असतात. दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ६५ हजारांवर धरलेलं असतं. बँकेच्या नेहमीच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजलं तर हा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंगचे दोन हजार धरून ९० हजारांची गाडी मला एक लाख पाच हजारांना पडणार होती. कोणी फसवत नव्हतं, कागदावर सगळं लिहिलेलं होतं. पण 'फ्लॅट' हा शब्द फारच बारीक अक्षरात होता.

तरी नव्या गाडीची बाजू कमी लेखायची नाही. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांमुळे फ्युएल इंजेक्शन, थंडीत एका बटणावर चालू. पाच वर्षांची वॉरंटी. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी धरून बनवलेले. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरं त्या हिशोबाने केलेली नाहीत. नव्या शंभर सीसीचं मायलेज साठच्या पुढे, जुन्या सव्वाशेचं पन्नासच्या आसपास. माझ्या महिन्याच्या पंधराशे किलोमीटरला म्हणजे पाच लिटर जास्त, पाचशे रुपये. दोन वर्षांत हा फरकच बारा हजारांवर जातो. जुनी स्वस्त असं म्हणणाऱ्यांच्या हिशोबात ही ओळ नसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नव्या गाडीच्या कागदांसाठी तुम्हाला कुठेही जावं लागत नाही. शोरूमच सगळं करतं.

मी "कळवते" म्हणून निघाले आणि पुढचे काही आठवडे जुन्या गाड्या बघण्यात घालवले.

पहिल्यांदा बघितल्या दोन-तीन वर्षांच्या, इंजेक्शनवाल्या. विकणारे ६५-६८ हजारांच्या खाली यायला तयार नव्हते. त्यांच्या डोक्यात जीएसटी कमी व्हायच्या आधीची नवी किंमत बसलेली होती. एकाला मी विम्याच्या घसाऱ्याचा हिशोब सांगितला: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला विमा कंपन्या ३० टक्के घसारा धरतात, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. तो म्हणाला, "ताई, ते विम्याचं. ही गाडी घरातली आहे." घरातली गाडी म्हणजे काय याचा उलगडा मला शेवटपर्यंत झाला नाही. पण नव्याला ९० आणि जुन्याला ६८ असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: नवीच घ्या.

मग उतरले आठ-दहा वर्षांच्या गाड्यांवर. इथे भाव तीस ते पंचेचाळीस हजार, आणि खरी मजा किंवा सजा इथेच. गाडी बघायला जायच्या आधी नंबर मागून घ्यायचा आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकायचा, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घेतली. नोंदणीची तारीख, विमा कधी संपला, पीयूसी आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं खुर्चीत बसून कळतं. वाहतूक पोलिसांची थकलेली ई-चलनंही बघता येतात. एका चकचकीत गाडीवर साडेचार हजारांची चलनं निघाली, मालकाला विचारलं तर म्हणे "ती लोकअदालतीत मिटवू." तुम्ही मिटवा, मग फोन करा.

दुसरी एक गाडी मनापासून आवडली होती. मालक वारले होते, मुलगा विकत होता. कागद सगळे होते, पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, वडिलांचं नाव. अशा वेळी गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ आणि मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती वगैरे. मुलगा म्हणाला, "वडिलांच्या सह्या असलेले फॉर्म आहेत घरात." हात जोडले आणि परत आले.

तिसऱ्या प्रकारचे म्हणजे जुन्या गाड्यांचे दुकानदार. त्यांच्याकडे गाडी पुसलेली, टायरला काळं लावलेलं, आणि सही केलेले कोरे फॉर्म गठ्ठ्याने. "ट्रान्सफर तुम्ही सावकाश करा." सावकाश करायला गेलात की मूळ मालकाचा फोन लागत नाही, आणि आता त्याच्या मोबाइलवरच्या ओटीपीशिवाय काम पुढे सरकत नाही. दुकानदारांकडून गाडी घ्यायला माझी हरकत नाही, पण नावावर करून द्यायची तारीख पावतीवर लिहून घ्या आणि थोडे पैसे तोवर अडकवून ठेवा.

९ नोव्हेंबरच्या रविवारी उपनगरला एका निवृत्त काकांकडची गाडी बघितली. १२५ सीसी, बीएस-४, कार्बोरेटरवाली, ऑगस्ट २०१८ ची नोंदणी, पहिलेच मालक, मीटरवर २९ हजार. मागत होते ४२ हजार. सोबत आमच्या गल्लीतले मिस्त्री. त्यांना तीनशे रुपये आणि चहा, असं ठरलं होतं. त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "ताई, त्यांना सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही."

गेल्या गेल्या मिस्त्रींनी गाडीकडे न बघता इंजिनवर तळहात ठेवला. गार. आधीच्या एका ठिकाणी इंजिन कोमट लागलं होतं आणि ते तिथूनच वळले होते, कारण चालू व्हायला त्रास देणारी गाडी विकणारा आधीच गरम करून ठेवतो. मग चोक ओढून किक. दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली. मागे सायलेन्सरजवळ उकिडवे बसून त्यांनी धूर बघितला. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय. इथे थोडी पांढरी वाफ आली आणि गाडी गरम झाल्यावर थांबली. टायमिंग चेनचा आवाज ऐकायला त्यांनी डोकं इंजिनजवळ नेलं, ब्लॉकच्या जोडावर बोट फिरवलं. इंजिन उघडलेलं असेल तर तिथे गॅस्केटच्या लेपाचे ओघळ बाहेर आलेले दिसतात. नव्हते.

मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूहळू फिरवलं. सरळ रेषेत आल्यावर ते जरा अडकल्यासारखं होत होतं. "कोनसेट गेलाय," मिस्त्री म्हणाले, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मला तर काही जाणवलं नाही." शॉकअपच्या दांड्यांवर तेल नव्हतं. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवलं, बुश ठीक. चेन मागच्या स्प्रॉकेटपासून, म्हणजे दातेरी चाकापासून, बोटाने ओढली तर दात दिसेपर्यंत उचलली गेली, म्हणजे चेनसेट गेला.

टायरवरून मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या टायरवर २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, जूनचा पूर्वार्ध. गाडी ऑगस्टची, म्हणजे टायर कंपनीतूनच आलेला. त्यावर अजून निम्मी नक्षी शिल्लक होती, म्हणून मीटरवरचे २९ हजार खरे असावेत. फुटरेस्टची रबरं आणि ब्रेकच्या पायाखालची पट्टीही तेच सांगत होती. मीटर फिरवता येतं, पण झिजलेलं रबर कोणी बदलत नाही. मात्र सात वर्षांच्या टायरला बारीक भेगा होत्या. नक्षी असली तरी असा टायर घाटात चालवायचा नाही.

चेसिस नंबर तपासायचं काम माझं. हँडलच्या खाली फ्रेमच्या नळीवर तो ठोकलेला असतो आणि त्यावर सात वर्षांचं ग्रीस आणि धूळ. पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिलीचं शिसं आडवं धरून घासलं. एकेक अक्षर पांढरं उठत गेलं. एकूण सतरा. यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. दहावं अक्षर साधारणपणे वर्षाचं: इथे 'जे', म्हणजे २०१८. आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, इंजिन नंबरही बघितला. हीच पेन्सिलची छाप पुढे ट्रान्सफरच्या कागदांना लागते, तेव्हा दोन-तीन जास्तीच्या काढून ठेवा. गाडी धुऊन-पुसून चालवायला लागल्यावर परत तिथे वाकायला कंटाळा येतो.

मग चालवून बघितली. काकांनी आधी लायसन्स मागितलं, ते मला आवडलं.

गाडी पसंत पडली तरी तिथे हो म्हटलं नाही. चहा पिताना कागद मागितले आणि अडचणी बाहेर आल्या. एक, आरसीवर कर्जाचा बोजा तसाच. कर्ज २०२० मध्येच फिटलं होतं, फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसीही मिळाली होती, पण काकांनी ती कपाटात ठेवून दिली. आरटीओतून बोजा उतरवलाच नाही. दोन, विमा ऑगस्टमध्ये संपलेला. तीन, गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नव्हती. महाराष्ट्रात या प्लेटची पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, नंतर वाढत गेली. पण प्लेट नसेल तर मालकी बदल, बोजा उतरवणं ही आरटीओची कामं अडतात. चार, परिवहनच्या नोंदीत काकांचा जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर.

घरी येऊन वहीत दोन रकाने केले. माझं मत तिथेच पक्कं झालं की जुन्या गाडीची किंमत म्हणजे मालक सांगतो तो आकडा नव्हे. ती दुरुस्त होऊन, विमा काढून, तुमच्या नावावर होईपर्यंत लागणारा पैसा, आणि त्याखाली तुमच्या रजा. नव्या गाडीसाठी मी पंधरा हजार रुपये व्याज आणि फीपोटी देणार होते. जुन्या गाडीत ते वाचत होते, पण त्या बदल्यात शोरूमच्या कारकुनाचं काम मला करायचं होतं. ज्यांना सुट्टी मिळत नाही किंवा फॉर्म बघून धडकी भरते, त्यांनी नवी घेण्यात काहीही कमीपणा नाही. मला शिफ्टमुळे आठवड्यातली एखादी दुपार मोकळी मिळते. हप्ता मात्र नको होता.

काकांना फोन करून वाटाघाट केली: ३६,५००, नंबरप्लेट, एनओसी आणि मोबाइल नंबरची दुरुस्ती त्यांनी करायची, बाकी मी. दोन हजार टोकन यूपीआयने दिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अटी लिहून घेतल्या. काका आधी कुरकुरले, "आता विकून मोकळं होऊ म्हटलं तर हे सगळं कशाला?" तेव्हा मी त्यांना सांगितलं, की सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, गाडी विकून टाकलेली असली तरी. त्यानंतर काकांचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त होता. रोज सकाळी त्यांचा मेसेज येऊ लागला.

मोबाइल नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर घरूनच बदलता आला. चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची मुदत हे सगळं जुळावं लागतं. नंबरप्लेट दुचाकीसाठी जीएसटी धरून ५३१ रुपये. पैसे ऑनलाइन, तारीख मिळाली २७ नोव्हेंबरची. केंद्र निवडताना जवळचंच निवडा आणि जुनी प्लेट काढायचे स्क्रू आधी सैल करून ठेवा. काकांच्या गाडीचे गंजले होते आणि तिथल्या पोराला छिन्नी लावावी लागली. प्लेट बसवल्यावर तिच्यावरचा लेझर नंबर परिवहनच्या नोंदीत चढायला थोडा वेळ जातो.

एनओसीने मात्र दम काढला. जुनी एनओसी होती, पण तिच्यावरची मुदत केव्हाच संपलेली. फायनान्स कंपनीची नाशिकमधली ती शाखा बंद झालेली, हेल्पलाइनवर संगीत. शेवटी काकांनी ईमेल केला, पाचशे रुपये भरले, आणि दहा-बारा दिवसांनी नवी एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ सही-शिक्क्यासह कुरिअरने आले. तुमचं स्वतःचं कर्ज फिटलेलं असेल आणि एनओसी कपाटात असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती काढा.

विम्याचा क्रम लक्षात घ्या. ट्रान्सफरच्या अर्जाला चालू विमा लागतो आणि तोवर आरसी जुन्या मालकाच्या नावावर असते, म्हणून पॉलिसी त्यांच्याच नावाने काढावी लागते. फक्त थर्ड पार्टी एका वर्षाचा: ७१४ अधिक जीएसटी, ८४३ रुपये. पैसे मी दिले. पीयूसीही त्याच दिवशी काढली.

३० नोव्हेंबरच्या रविवारी गाडी ताब्यात घेतली. विक्री कळवायच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि मालकी बदलाच्या फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या, काकांच्या आधार-पॅनच्या सही केलेल्या प्रती, मूळ आरसी, दोन्ही किल्ल्या. शिवाय ताबा पावती: अमुक तारखेला, अमुक वाजता गाडी दिली-घेतली, यापुढची चलनं आणि जबाबदारी घेणाऱ्याची. हा सरकारी नमुना नाही, साध्या कागदावर दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. पण वेळ जरूर लिहा, त्याच दिवशी सकाळी कुठे सिग्नल तुटला असेल तर ती वेळच कामाला येते. मग उरलेले पैसे खात्यावर. रोख नाही.

अर्ज मंगळवारी, २ डिसेंबरला केला. बोजा उतरवणं आणि मालकी बदल हे दोन्ही एकाच अर्जात निवडता येतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर आधी तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, हे वेगळं प्रकरण. काका शेजारी बसले होते, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला की मोठ्याने वाचायचे. ओटीपी येईपर्यंत पान मुदत संपून बंद व्हायचं, म्हणून सगळे कागद आधीच स्कॅन करून, आकार कमी करून एका फोल्डरमध्ये ठेवले होते. हे करून ठेवलं नसतं तर आम्ही दोघं रात्रीपर्यंत बसलो असतो. फी आणि स्मार्ट कार्डचे मिळून पाचशेच्या आसपास झाले. एजंटने याच कामाचे तीन हजार सांगितले होते. त्याच्याकडे जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, पण ओटीपीसाठी मालक त्यालाही लागतोच.

नंतर पेठ रोडच्या आरटीओत मूळ कागदांची फाइल द्यायला गेले. सकाळी लवकर गेलात तर खिडकीवर गर्दी कमी असते. कागदांचा क्रम अर्जावर छापलेल्या यादीप्रमाणे लावा, आणि पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक फोटो काढून ठेवा. पुढे स्थिती घरूनच बघत होते. डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात 'मंजूर' दिसलं, आणि नव्या नावाची आरसी डिजिलॉकरमध्ये कार्ड यायच्या आधीच उतरली.

दरम्यान मिस्त्रींकडे काम झालं. दोन्ही टायर, चेनसेट, कोनसेट, ब्रेक शू, ऑइल, कार्बोरेटर साफ करून पेट्रोलची नळी नवी. एकूण ६,८००. म्हणजे सगळं धरून गाडी मला पावणेपंचेचाळीस हजारांना पडली. उरलेले पाच हजार वेगळे ठेवले आहेत, क्लच प्लेटसाठी. मिस्त्रींनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे.

मोहदरीच्या घाटात गाडी तिसऱ्यावर चढते, मागे कोणी नसेल तर चौथ्यावरही. थंडीत मात्र चोक लागतो, आणि पहाटे साडेपाचला चोक ओढून दोन मिनिटं थांबणं हा नव्या इंजेक्शनच्या गाडीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे, हे मान्य करते.

स्मार्ट कार्ड ९ जानेवारीला पोस्टाने आलं. आलं की नाव, पत्ता, चेसिस नंबर आणि कर्जाची जागा रिकामी आहे ना, हे लगेच बघा. परिवहनच्या नोंदीत मोबाइल नंबर तुमचा चढलाय का तेही, नाहीतर तुमची चलनं जुन्या मालकाला जात राहतील. मग विमा कंपनीला नव्या आरसीची प्रत पाठवून पॉलिसी नावावर करून घेतली, आणि मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा वेगळा घेतला, कारण तो जुन्या मालकाकडून आपल्याकडे येत नाही. तुम्ही पूर्ण पॉलिसी नावावर करून घेत असाल तर जुन्या मालकाची नो क्लेम, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची, सवलतही येत नाही. ती माणसाची असते, गाडीची नाही, आणि तेवढा फरक भरावा लागतो.

काकांना कार्डाचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "नाव गेलं ना माझं? बरं झालं. आणि ऐक, सकाळची पहिली किकच मार. सेल्फ मारलास तर बॅटरी वर्षभर टिकणार नाही."